बाहेरची शिवण

तिने हात सोडवून घेतला तो केवळ खांद्यावरची पिशवी घसरली म्हणून. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या कट्ट्यावर दोघं उभी होती, दोन्ही बाजूंनी गाड्या धावत होत्या आणि नेहमीसारखा त्याने तिचा हात धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रस्ता ओलांडायचा म्हटलं की तिचं पाऊल पुढे पडायचं नाही, आणि लांब पल्ल्याच्या बसवर ज्याचं आयुष्य गेलं त्याच्या बायकोने रस्त्याला असं भ्यावं याची तो चारचौघांत थट्टा करायचा. पिशवी सावरायला तिने बोटं ओढून घेतली. तेवढ्यात गाड्यांमध्ये फट दिसली आणि तो निघाला. तिला वाटलं, दोन पावलांवर थांबेल. तो थांबला नाही. हात जरासा मागे ठेवून, मूठ अर्धवट मिटून, तिला झेपतील अशी लहान लहान पावलं टाकत तो सावकाश पलीकडे गेला. फूटपाथ उंच होता तिथे त्याने तो हात थोडा वरही उचलला, तिला चढायला आधार म्हणून. मग काहीतरी सांगायला मान वळवली, आणि शेजारी कुणी नव्हतं.

त्याने आधी आपल्या मुठीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे तिच्याकडे. तिला धसका बसला तो त्यानंतरच्या हालचालीचा. त्याने हात झटकन पँटच्या खिशात घातला, चोरीचा माल लपवावा तसा. ती कशीबशी एकटीने रस्ता ओलांडून आली तेव्हा तो हसत होता. "काय गं, मध्येच थांबलीस कशाला?" "पिशवी घसरली." "मग सांगायचं नाही का?" "सांगितलं की," ती म्हणाली. तिने सांगितलं नव्हतं. आपण असं खोटं का बोललो ते तिला कळलं नाही, पण त्याने ते लगेच उचललं. "हॉर्नच्या गोंगाटात ऐकू नाही आलं," तो म्हणाला, आणि दोघं पडद्याचं कापड घ्यायला दुकानात शिरली. तो रात्री गाडी चालवून दिवसा झोपायचा, त्यासाठी जाड, गडद पडदा हवा होता. दुकानदार तागे उलगडत होता. नवरा कापड दोन बोटांत धरून चोळून बघत होता, हे पातळ आहे, ते बरं आहे असं सांगत होता, आणि ती त्याची बोटं बघत होती. चोळताना तो कापडाकडे टक लावून पाहत होता. डोळ्यांनी चोळल्यासारखा.

ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. बाजारामागच्या एका लांबोळक्या दुकानात तिचं जाड सुईचं मशीन होतं, पायाशी रेक्झिनच्या आणि चामड्याच्या कातरणांचा ढीग असायचा. त्याच ढिगातून तिने त्याच्यासाठी पहिले हातमोजे शिवले होते, त्याला खूप वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात तो घरी यायचा तेव्हा त्याचे तळवे उकडल्यासारखे लाल असायचे. घामाने स्टेअरिंग निसटायचं म्हणून त्याने बाजारातून मोजे आणले होते, पण त्यांची शिवण आतून होती, ती बोटांच्या बेचक्यांत घासून घासून फोड यायचे. तिने ते मोजे उसवून पाहिले आणि हसली. शिवण बाहेर घ्यायची, एवढंच. दिसायला ओबडधोबड दिसेल, पण हाताला लागणार नाही. तिने मऊ चामडं निवडलं, वरच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडली, बोटांची टोकं उघडी ठेवली आणि तळव्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा पुढे, फोमची पातळ गादी बसवली. पहिल्या फेरीवरून परत आल्यावर तो जेवायलाही न बसता म्हणाला होता, "हात बसून आल्यासारखे वाटतायत गं. बाकीचा मी चालवत होतो, हात आरामात." डेपोतले ड्रायव्हर आधी हसले. काय साहेब, मॅच खेळायला निघालात की काय? मग एकेक करून तेच लोक तिच्याकडे मोजे शिवायला येऊ लागले. ते दिवस चांगले होते. कुणीतरी तिचं काम हातात घालून रात्रभर गावोगाव फिरतंय, या विचाराने मशीनवर बसल्या बसल्या तिला उगाचच हसू फुटायचं.

आता पडद्याचं कापड मांडीवर घेऊन बसमध्ये बसली असताना ते सगळे मोजे तिच्यासमोर ओळीने येऊ लागले. दुसऱ्या जोडीच्या वेळी तो म्हणाला होता, गादी जाड कर, हाताला मुंग्या येतात. तिने केली. मग म्हणाला, जास्त झाली, स्टेअरिंग कळतच नाही. तिने काढून टाकली. मग म्हणाला, गादी नाही तरी कळत नाही, चामडंच पातळ घे. मग म्हणाला, बोटं गार पडतात, टोकं बंद कर. मग मनगटाला पट्टा हवा झाला. मग अंगठ्याच्या बुडाशी मोजा ढिला पडायला लागला. ती म्हणाली, चामडं सैल होतंच वापरून, आणि तिथे चिमूटभर चामडं दुमडून शिवलं. नवी जोडीही तिथेच ढिली पडली, तेव्हा तिने दुसरीकडचं चामडं आणलं. आणि गेल्या महिन्यात त्याने म्हटलं होतं, बोटांना आतून रबर लाव, घसरतंय. दर वेळी तिला वाटायचं, आपलंच माप कुठेतरी चुकतंय. दर वेळी तिने उसवलं होतं आणि पुन्हा शिवलं होतं, आणि त्याने एकदाही सांगितलं नव्हतं की चूक मोज्यात नाही. शेजारी तो डोळे मिटून बसला होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसला की तो नेहमी डोळे मिटायचा. म्हणायचा, दुसऱ्याचं ब्रेक मारणं बघवत नाही. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. कुणीतरी तिथे आणून ठेवावेत आणि विसरून जावं, असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपला होता. नव्या पडद्यामुळे खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. हे आपण करणार आहोत हे तिला सकाळपासून माहीत होतं आणि तरीही सुई हातात घेतल्यावर ती बराच वेळ पलंगाशी नुसतीच उभी राहिली. त्याचं तोंड उघडं होतं. झोपेत तो म्हातारा दिसायचा, जागा झाला की पुन्हा वय खाली उतरायचं. तिने करंगळीला सुई लावली, मग दाबली, मग जरा जास्त दाबली. लाल थेंब आला. त्याचा श्वास तसाच चालू होता. मधलं बोटही तसंच. अंगठ्याला टोचली तेव्हा त्याने हात कसाबसा ओढला, तोही उशिराने, दुसऱ्याच कुणाचा निरोप पोचल्यासारखा. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिला या हातांचं तरुणपण आठवलं. लग्नानंतर लगेच एकदा लाइट गेले होते, आणि अंधारात त्याने तिच्या बोटातली अंगठी चाचपून, वरचा खडा पडलाय हे ओळखलं होतं; मग जमिनीवर तळवा फिरवत फिरवत तो तांदळाच्या कणीएवढा खडा शोधूनही दिला होता. तिने तेव्हा मैत्रिणीला सांगितलं होतं, त्याच्या हातांना डोळे आहेत.

तो उठला, चहा घेतला. कप तो दोन्ही हातांनी धरायचा हल्ली. ती समोर बसली.

"तुमच्या करंगळीत सुई टोचली मी."

त्याने करंगळी वर करून पाहिली. "कधी?"

"मघाशी. झोपला होतात तेव्हा."

"झोपेत कुणाला कळतंय?"

"अंगठ्याला कळलं. तेही जेमतेम."

 कप खाली ठेवताना त्याने आधी टेबलाची कड पाहिली, मग कपाचं बूड पाहिलं, मग कप टेकवला. "डोळे आहेत ना मला?" तो म्हणाला. "हात स्टेअरिंगवर आहे हे दिसतं. दिसलं की झालं."

"आणि रस्ता कुणी बघायचा?"

"तोही बघतो."

"अहो, मागे एवढी माणसं असतात."

"ते तू मला सांगतेस?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आजवर एक ओरखडा नाही माझ्या गाडीला. एक नाही."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टर काय करणार? लिहिणार. त्याने लिहिलं की मी उतरलो. आमच्यातल्या एकाने दाखवले हात. आता मुलाच्या दुकानात बसतो. पुड्या बांधता येत नाहीत, म्हणून नुसता बसतो. गिऱ्हाईक आलं की मुलगा म्हणतो, बाबा जरा सरका." तो उठला, नेहमीच्या खुंटीवरून मोजे काढून त्याने तिच्यासमोर टाकले. "तू ते रबर तेवढं नीट लाव. मधल्या बोटांचं सुटलंय."

आणि तिने लावलं. दुसऱ्या दिवशी दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, मशीनचा आवाज तिला नेहमीपेक्षा मोठा ऐकू येत होता. मालक पलीकडून म्हणाला, "काय वहिनी, साहेबांचा लाड चाललाय वाटतं?" ती हसलीसुद्धा. सुई चामड्यातून आरपार जात होती, प्रत्येक टाका घट्ट बसत होता. तिच्या हातून वाकडं काम झालंच नाही. एवढं सुबक रबर तिने पूर्वी कधी बसवलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याची दिवसाची फेरी होती. लेकीकडे जाऊन येते म्हणून तीही निघाली. लेक त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. "माझ्या गाडीत?" तो म्हणाला. "तुला गाडी लागते." "लागू दे." त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग म्हणाला, "खिडकीशी बस, लांब बघत राहा." ती खिडकीशी बसली नाही. त्याच्या तिरकस मागच्या सीटवर बसली, जिथून त्याचे दोन्ही हात दिसत होते. इतक्या वर्षांत ती त्याला गाडी चालवताना पहिल्यांदा बघत होती. पाठ ताठ, खांदे सैल. शहराबाहेर पडेपर्यंत तिला काहीच खटकलं नाही. एवढी मोठी गाडी तो गल्लीबोळांतून अशी काढत होता की तिला अभिमानच वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून रडू आलं. मग तिच्या लक्षात आलं. गिअर बदलायचा असला की तो खाली बघायचा. हात निघायचा, नजर हाताबरोबर जायची, दांडा मुठीत आला हे बघायची, आणि मग रस्त्यावर परत यायची. स्टेअरिंग वळवताना त्याची बोटं मिटायचीच नाहीत; मनगटं आणि रबर, एवढ्यावर तो ते चाक फिरवत होता. तिचं रबर. मागे कुणीतरी संत्री सोलत होतं. एक पोरगी आईच्या मांडीवर उभी राहून काचेवर बोटाने काहीतरी काढत होती.

दुपारी गाडी थांब्यावर थांबली. तो हातपाय धुवायला गेला तेव्हा दुसरा ड्रायव्हर चहाचे दोन ग्लास घेऊन तिच्याकडे आला. लांबच्या फेरीला दोघं असायचे. हा इतका उंच होता की डेपोत त्याला सगळे जिराफ म्हणत, आणि कुणी जिराफ म्हटलं की तो मान आणखी लांब करून दाखवायचा. त्या दिवशी त्याने काही दाखवलं नाही.

"वहिनी, तुम्ही बघायला आलात ना?"

तिने मान हलवली.

"घाट मीच घेतो. बरेच दिवस झाले. दादा त्या वेळी झोपतात." तो ग्लासात बघत म्हणाला. "म्हणजे, झोपल्यासारखं करतात."

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस कुणाशी?"

"मला गाडी त्यांनी शिकवली, वहिनी. पहिल्या दिवशी मी गाडी खांबावर घातली तर स्वतःच्या अंगावर घेतली त्यांनी. मी काय बोलू?"

"आणि घाट नसतो तेव्हा?"

"तेव्हा मी जागा असतो," जिराफ म्हणाला.

म्हणजे काय ते तिला थांब्यानंतर कळलं. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे मोकळी शेतं, गाडीत सगळे पेंगुळलेले. पुढे कडेने एक बाई सायकलवरून चालली होती, मागे गवताचा भारा बांधलेला. त्याने गिअरसाठी हात काढला, नजर खाली गेली, आणि दुसऱ्या हाताखालून चाक हळूच सरकलं. त्याला ते कळलं नाही. तिला दिसत होतं आणि त्याला कळत नव्हतं. गाडी अगदी सावकाश, कुणाला धक्काही न लागता, कडेकडे जाऊ लागली. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधी जिराफ खोकला. मोठ्याने, दोनदा. नवऱ्याने वर पाहिलं आणि चाक वळवलं. गाडी सरळ झाली. खोकला ठरलेला होता. सायकलवरची बाई खाली मातीत उतरली होती, एक पाय टेकून मूठ उगारत होती; मागच्या काचेतून ती लहान लहान होत गेली. संत्रीवाल्याने विचारलं, काय झालं? कुणीतरी म्हणालं, काही नाही, खड्डा असेल. आरशात त्याचे डोळे तिला शोधत आले आणि तिने, का कोण जाणे, खिडकीतून लांब पाहायला सुरुवात केली. त्याने सांगितलं होतं तसं.

लेकीकडे ती एक दिवसही राहिली नाही. परतल्यावर, तो झोपलेला असताना, ती डेपोत गेली. डेपो सांभाळणारे साहेब सभ्य होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. आपण वेड्यासारखं बोलू, ते विश्वास ठेवणार नाहीत, उलट रागावतील आणि आपण सुटू, असं तिला येताना वाटत होतं. तसं झालं नाही. तिने जेमतेम चार वाक्यं सांगितली आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं नाव कुठे येणार नाही," ते म्हणाले. आणि ती उठल्यावर म्हणाले, "चांगलं केलंत, ताई." त्या शब्दांचा तिला इतका संताप आला की फाटकाबाहेर येऊन तिने रस्ता ओलांडला आणि आपण एकटीने ओलांडला हे तिच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

मग जे व्हायचं ते भराभर झालं. त्याला तपासणीला बोलावलं, गाडीवरून उतरवलं. डॉक्टरांनी त्याचा तळवा तिच्यासमोर धरून अंगठ्याशेजारचा खळगा दाखवला. इथलं मांस गेलंय, ते म्हणाले, मनगटाशी नसा दबत होत्या, फार वर्षं दबत होत्या. आता ऑपरेशनने पुढचं थांबेल, गेलेलं येणार नाही. चामडं सैल होतं वापरून, असं ती म्हणाली होती. दोन-तीनदा म्हणाली होती. एक वर्ष आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण वाक्य तिथेच कुठेतरी अडकून राहिलं होतं.

जिराफ भेटायला आला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. नवऱ्याने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "चुगलखोर," तो ओरडला, "माझ्या हाताखाली वाढलास आणि माझ्याच मुळावर उठलास!" आणि मग तिने त्याच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या. शेजारची दारं उघडली. जिराफ दारात मान खाली घालून उभा होता, तरीही चौकटीहून उंच. एकदा त्याने आत पाहिलं, तिच्याकडे. तिच्या हातात लाटणं होतं. तिला फक्त एक शब्द बोलायचा होता; तो जिभेवर आला, दातांपर्यंत आला आणि तिथेच बसला. जिराफने नजर काढून घेतली. "चुकलं, दादा," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. पुन्हा आला नाही.

त्यानंतरचे महिने तिने मोजले नाहीत. ऑपरेशन झालं, पट्ट्या निघाल्या, डॉक्टरांचं खरं झालं. तो घरी असायचा. दिवसा झोपायची सवय जात नव्हती, आणि आता दिवस-रात्र कशालाच अर्थ नव्हता, त्यामुळे जाड पडदा लावलेलाच राहायचा. काचेचे ग्लास फुटले तसे तिने स्टीलचे आणले. शर्ट तिने न बोलता कपाटाच्या तळाशी ठेवले आणि डोक्यातून घालायचे सदरे वर ठेवले. त्याने तेही न बोलता घातले. कुठली मदत त्याने मागायची नाही, आणि मागितल्याशिवाय तिने पुढे व्हायचं नाही, असा एक करार दोघांत न ठरवता ठरला होता. ती दुकानात जायची. मोजे शिवून द्या म्हणून डेपोतला कुणी आला की सांगायची, ते काम मी बंद केलंय. घरी आल्यावर विचारायची, जेवलात? तो म्हणायचा, जेवलो. एवढ्यावर दिवस जायचा. रात्री शेजारी पडल्यावर तिला वाटायचं, आत्ता सांगावं. मग वाटायचं, निदान आत्ता त्याला राग धरायला कुणीतरी आहे, तेही आपण काढून घ्यायचं का? हा विचार तिला इतका सोयीचा होता की तिला त्याची किळस यायची.

मग डेपोतून निरोप आला. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा सांगायच्या. तो होही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ज्या सकाळी जायचं होतं त्या सकाळी लवकर उठला, आंघोळ केली, आणि लांब बाह्यांचा खाकी शर्ट घालून आरशासमोर उभा राहिला. ती दाराशी होती. बटण चिमटीत यायचं, काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. तो पुन्हा पाहायचा, पुन्हा धरायचा. कपाळावर घाम आला होता. तिने पंखा वाढवला. तेवढंच तिला करता येण्यासारखं होतं. शेवटी आरशातच बघत तो म्हणाला, "ये. लाव."

ती गेली. खालून सुरुवात केली. इतक्या जवळ ती कितीतरी दिवसांत आली नव्हती. साबणाचा वास, छातीचं वर-खाली होणं. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत होता.

"साहेबांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "काय?"

"कोण आलं होतं ते."

रस्त्यावरून एक गाडी गेली.  "मग त्याला कशाला शिव्या घातल्या?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"कुणाला तरी घालायच्याच होत्या." मग तो म्हणाला, "तुला घातल्या असत्या तर मला या घरात राहता आलं असतं का? कुठे जाणार होतो मी, हे असले हात घेऊन?"

"आणि तो?"

"त्याला वाटलं, मला माहीत नाही. मला वाटलं, तो तुझं नाव सांगेल. तो काही बोललाच नाही." त्याने हनुवटी वर केली. "तूही नाही."

तिला हुंदका आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. तिने उरलेली बटणं लावली, एकेक, नीट. "बोलवा त्याला," ती म्हणाली. "मी सांगते."

"कुठल्या तोंडाने बोलावू?" तो म्हणाला. "वरचं राहू दे. गळ्याला काचतं."

तिने वरचं राहू दिलं. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, मनगटं वर करून. तिने एका बाहीचं बटण लावलं, मग दुसऱ्या. तो अजून भिंतीकडेच बघत होता.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली.